फुगा फुगला, पण आत काय झालं?

*"सप्रेम नमस्कार. मी भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे रसायनाचे धडे आले की आधी मलाच घरी अभ्यास करावा लागतो. यंदा ठरवलं होतं, नुसतं फळ्यावर शिकवायचं नाही. प्रोजेक्टरवर रेणूंची ॲनिमेशन दाखवली. व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याने बाटलीवरचा फुगा फुगवून दाखवला. मुलं आनंदाने ओरडली, शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पण घटक चाचणीत 'हा वायू कोणता आणि तो आला कुठून?' असं विचारलं, तर साठापैकी अकरा जणांनी बरोबर लिहिलं. पालकसभेत एक वडील म्हणाले, 'क्लासमध्ये हा धडा केव्हाच झाला, तुमच्याकडे अजून फुगेच चाललेत.' मुख्याध्यापिका समजूतदार आहेत, पण पोर्शन मागे पडला की उत्तर त्यांना द्यावं लागतं. प्रयोगशाळेला कुलूप असतं. परिचर निवृत्त झाले, नवीन कुणी आलं नाही. हे सगळं सोडून पुन्हा खडू-फळ्याकडे जावं का? की माझा क्रम चुकला, आधी प्रयोग आणि मग व्हिडिओ हवा होता?"*

*– एक शिक्षिका, भांडुप*

प्रिय बाई,

क्रम फारसा चुकलेला नाही, आणि सोडून तर अजिबात देऊ नका. तुमच्या वर्गात एक पायरी राहून गेली आहे. ती माझ्याही वर्गात अकरा वर्षं राहून गेली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या तासात मुलांनी काय केलं ते आठवून पाहा. फुगा फुगताना त्यांनी पाहिला. पडद्यावर रेणू हलताना पाहिले. मग फळ्यावरचं समीकरण वहीत उतरवून घेतलं. या तिन्ही गोष्टी एकाच घटनेबद्दल आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून फुगा बघता बघता तुमच्या मनात रेणूही हलत होते. मुलांच्या मनात मात्र फुगा एका कप्प्यात राहिला, रंगीत गोळे दुसऱ्या कप्प्यात आणि समीकरण तिसऱ्यात. परीक्षेत तुम्ही तिसरा कप्पा उघडायला सांगितलात, तेव्हा त्यात पाठ केलेलं जेवढं होतं तेवढंच बाहेर आलं.

ग्लासगो विद्यापीठात रसायनशिक्षणावर काम करणारे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी ही अडचण एका त्रिकोणाने मांडली होती. एका कोनात डोळ्यांना दिसणारं आणि हाताला लागणारं, दुसऱ्यात कधीही न दिसणारे कण, तिसऱ्यात चिन्हं आणि सूत्रं. जाणकार माणूस या तीन कोनांमध्ये क्षणात ये-जा करतो, आणि शिकवतानाही नकळत तेच करत राहतो. नवख्या मुलाला मात्र तिन्ही एकदम पेलत नाहीत. हे त्यांनी १९९१ साली लिहिलं. मला ते निवृत्तीच्या थोडं आधी वाचायला मिळालं, याची हळहळ अजून वाटते.

राहिलेली पायरी ही: प्रयोग आणि समीकरण यांच्यामध्ये मुलाच्या हातात पेन्सिल द्यायची. 'हे सगळं कण दिसतील इतकं मोठं झालं असतं, तर आत काय दिसलं असतं? आधीचं काढ, नंतरचं काढ.' वहीत दोन चौकटी, बाजूला कोणती खूण कशाची ते लिहायचं, आणि एकच नियम सक्तीचा: पहिल्या चौकटीत जितके अणू, तितकेच दुसरीत. चित्र सुबक नको. सुबक चित्राचे गुणही देऊ नका, नाहीतर सगळी मुलं पट्टी आणि रंगपेट्या घेऊन बसतील.

मी हे कुठे शिकले ते सांगते. लालबागला नववीच्या वर्गावर होते. पाणी उकळतं तेव्हा वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं, असं सहज विचारलं आणि उत्तर तोंडी न घेता चित्रात काढायला सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांनी बुडबुड्यात 'हवा' लिहिलं. आणि वर्गातल्या हुशार मुलींनी, ज्यांच्या वह्या मी इतरांना दाखवायचे त्यांनी, बुडबुड्यात सुटे हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढले. त्यांना 'एच टू ओ' पाठ होतं, त्यामुळे उष्णता दिली की ते तुटतं असं त्यांनी गृहीत धरलं होतं. अवस्थाबदल हा भौतिक बदल आहे, हे वाक्य त्याच मुलींनी सहामाहीत अचूक लिहिलं होतं. मी त्या वह्या घरी नेल्या आणि रात्री बराच वेळ बघत बसले. वाक्याला मी पूर्ण गुण दिले होते, आणि वाक्याच्या मागे हे होतं.

त्यावर मला सापडलेला इलाज आजही सर्वांत आवडता आहे. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. पाणी आधी चांगलं खळखळ उकळून घ्या, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि थर्मासमध्ये भरून शाळेत न्या. वर्गात ते पिण्याच्या चहाइतकं गरम उरलं की पुरे. दोन-तीन मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढा, हवेचा बुडबुडा राहिला असेल तर वर करून काढून टाका, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोराने मागे खेचा. पाणी उकळायला लागतं. खाली आच नाही, शेगडी नाही, तरी बुडबुडे. मग दट्ट्या सोडा. बुडबुडे नाहीसे होतात, सिरिंजमध्ये पुन्हा नुसतं पाणी. आता विचारा: आत हवा असती तर ती अशी एका क्षणात गेली कुठे? पाणी तुटून दोन वायू झाले असते तर दट्ट्या सोडल्याबरोबर त्यांचं परत पाणी कसं झालं? माझ्या वर्गात या प्रश्नावर इतकी शांतता पसरली होती की बाहेरच्या मैदानावरची शिट्टी ऐकू आली. त्यानंतर मुलांनी तीच चित्रं पुन्हा काढली. बुडबुड्यात पाण्याचेच रेणू, फक्त एकमेकांपासून लांब लांब.

किती लांब, हेही मुलांना सांगून बघा. एक मिलिलिटर पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती जवळपास १,७०० मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे रेणूंमधलं अंतर प्रत्येक दिशेने साधारण १२ पट वाढतं. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांत द्रवाचे कण स्थायूपेक्षा बरेच विरळ दाखवलेले असतात. तसं नसतं, द्रवातही कण जवळजवळ एकमेकांना चिकटूनच असतात. चौकटीत वाफ काढताना मुलांना कागद अपुरा पडला पाहिजे. तो अपुरा पडला की समजायचं, गोष्ट पोहोचली.

आता तुमच्या फुग्याकडे येऊ. प्रयोग उत्तम आहे, फक्त एक फुगा फार कमी आहे. पाच फुगे घ्या.

अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या पाच रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीत ५० मिलिलिटर व्हिनेगर. आदल्या रात्री घरच्या डिजिटल काट्यावर खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधा: १, २, ३, ४ आणि ५ ग्रॅम. फुगे एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या, कागदाच्या नळकांड्याने पुडी फुग्यात रिकामी करा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा. उलटा करायच्या आधी थांबा. हात वर करायला लावा: कोणता फुगा सर्वांत मोठा होईल? जवळजवळ सगळे पाचव्याला मत देतील. मत फळ्यावर लिहून ठेवा. एकदा मत दिलं की मूल त्या फुग्याशी बांधलं जातं.

मग पाचही एकदम उलटे करा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होतो, तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा, आणि चौथा-पाचवा तिसऱ्याच्या आसपासच थांबतात. दोऱ्याने घेर मोजायला लावा, नाहीतर 'पाचवा थोडा मोठा आहे' यावर भांडणं होतात. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये बहुधा ४ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. ५० मिलिलिटरमध्ये सुमारे २ ग्रॅम आम्ल, आणि त्याला २.८ ग्रॅम सोडा पुरतो. म्हणून तिसऱ्या बाटलीनंतर सोडा कितीही घाला, वायू वाढत नाही, कारण आम्लच संपलेलं असतं. हे तुम्ही सांगू नका. पाचव्या बाटलीत नव्याने थोडं व्हिनेगर घाला, ती पुन्हा फसफसते. पहिल्या बाटलीत व्हिनेगर घाला, काहीच होत नाही. तिच्यात चिमूटभर सोडा टाका, फसफसते. कुठे काय उरलं होतं ते मुलं स्वतः बोलतात.

आणि आता पेन्सिल. सोड्यासाठी चौकोन, आम्लासाठी त्रिकोण. तीन त्रिकोण आणि पाच चौकोन काढून जोड्या लावायच्या. कुणीतरी मूल म्हणेलच, 'बाई, तीन वडे आणि पाच पाव.' म्हणू द्या, उपमा चांगली आहे. पण तिथे सोडून देऊ नका. वडापावात वडा वडाच राहतो आणि पाव पावच. इथे दोन्ही मोडतात आणि अणूंची नवी मांडणी होते. उपमा जिथे संपते ती जागा मुलांना दाखवणं, हे उपमा देण्याइतकंच गरजेचं आहे.

तुमच्या चाचणीतला प्रश्न, वायू आला कुठून, तो इथे सुटतो. माझ्या अनुभवात बरीच मुलं सोड्याच्या कणात एक छोटा बुडबुडा काढतात. त्यांच्या मते वायू पुडीत आधीपासून लपलेला होता, व्हिनेगरने फक्त दार उघडलं. ही कल्पना खोडून काढायची घाई करू नका, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन सोड्यातूनच आला, पण वायू म्हणून तो तिथे नव्हता. अणू होते, वायू नव्हता. हे वाक्य मुलाला स्वतःच्या दोन चौकटी बघताना कळलं, की रासायनिक बदल म्हणजे काय हे त्याला कळलं.

एक सावधगिरी. हाच फुगा काट्यावर ठेवून 'वस्तुमान बदलत नाही' हे दाखवायचा मोह होतो. करू नका. फुगलेला फुगा आपल्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला किंचित वर उचलते. पाऊण-एक लिटर फुगला की काटा जवळपास एक ग्रॅम कमी दाखवतो, आणि मुलं म्हणतात, बाई, वस्तुमान घटलं! मी या खड्ड्यात पडले आहे. सगळा तास सारवासारव करण्यात गेला. अक्षय्यतेच्या नियमासाठी धुण्याचा सोडा आणि एप्सम सॉल्ट घ्या. दोन्हींची वेगवेगळी द्रावणं करा, एक बाटलीत आणि दुसरं त्याच बाटलीत उभ्या राहणाऱ्या लहान परीक्षानळीत. झाकण लावून वजन करा, मग बाटली तिरकी करून दोन्ही मिसळा. पांढराशुभ्र अवक्षेप तयार होतो. 'घट्ट पदार्थ झाला म्हणजे जड झाला असणार' असं निम्मा वर्ग म्हणतो. काटा जागचा हलत नाही.

समीकरणं संतुलित करायला आठवीची मुलं का घाबरतात, याचंही उत्तर हातांत आहे. त्यांना सूत्राच्या पुढचा २ आणि सूत्राच्या पायाशी लिहिलेला २ यांतला फरक दिसत नाही. दोन्ही आकडेच. म्हणून ती हिशोब जुळवण्यासाठी पायाचा आकडा बिनधास्त बदलतात आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकतात. यासाठी आपल्या स्वयंपाकघरात सगळं सामान आहे. काळा वाटाणा म्हणजे कार्बन, पांढरा वाटाणा म्हणजे हायड्रोजन, राजमा म्हणजे ऑक्सिजन. रात्री भिजत घाला, सकाळी टूथपिक सहज आत जातात. चार मुलांच्या गटाला एक काळा, चार पांढरे, चार राजमे आणि आठ टूथपिक पुरतात. साऱ्या वर्गाला मिळून मूठ-दोन मुठी कडधान्य लागतं. त्याच दिवशी वापरा, आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. आणि अन्न असं वापरायला मन घेत नसेल तर शर्टाची रंगीत बटणं आणि क्ले घ्या, माझी काहीच हरकत नाही.

काळ्याला चार टूथपिक आणि चार पांढरे: झाला मिथेन. घरी पाइपचा गॅस असेल तर तो मुख्यतः हाच. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. राजम्यांच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत दोन टूथपिक: ऑक्सिजनचे दोन रेणू. आता जाळा, म्हणजे सगळं सुटं करा आणि त्याच दाण्यांतून एक कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनवा. दाणा उरता कामा नये, बाहेरून आणताही येणार नाही. पाण्याचे दोन रेणू होतात. पुढचा २ म्हणजे 'असे दोन', आणि पायाचा २ म्हणजे 'एकाच्या आत दोन', हे बोटांना कळतं. टूथपिकही आधी आठ आणि नंतर आठच लागतात, हे एखादी मुलगी आपणहून मोजते. ती मोजेल तेव्हा तिचं कौतुक करा, कारण ती संयुजेपर्यंत, म्हणजे एक अणू किती बंध जोडतो या कल्पनेपर्यंत, स्वतःच पोहोचली आहे.

फक्त दोन गोष्टी तिथेच सांगा. दाण्यांचे आकार अणूंच्या आकारांच्या प्रमाणात नाहीत. आणि टूथपिक उपसायला जोर लागतो, तशीच बंध तोडायला ऊर्जा लागते. ज्योतीची उष्णता येते ती नवे बंध जुळताना. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते असा समज एकदा बसला की बारावीपर्यंत निघत नाही.

या रंगांनाही इतिहास आहे आणि मुलांना तो आवडतो. १८६५ साली ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून रेणू बनवले होते: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल. तेच रंग आज दीडशेहून अधिक वर्षं चालत आले आहेत. पण हॉफमन यांचा मिथेन सपाट होता, चारही हायड्रोजन एकाच पातळीत. कार्बनचे चार बंध चार दिशांना, चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात, हे १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी वेगवेगळं मांडलं. मुलांना हे जरूर सांगा. अणूला रंग नसतो आणि मॉडेल चुकू शकतं, हे त्यांनी लहानपणीच ऐकलेलं बरं.

ॲनिमेशनबद्दल. तुमच्या मुलांनी ती पाहिली आणि विसरली, त्यात त्यांचा दोष नाही. ॲनिमेशन फार गुळगुळीत असतं. ते मुलाला काहीच करायला सांगत नाही, आणि बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. ते चित्रांच्या नंतर दाखवा, आधी नाही. मुलाच्या वहीत स्वतःची चौकट असली की ते पडद्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतं: माझं बरोबर होतं का? मध्येच थांबवा, पुढे काय होईल ते विचारा, मग चालू करा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन मोफत आहेत, काही मराठीतही आहेत. त्यांत तापमान स्वतः वाढवता येतं, रेणू स्वतः जोडता येतात. आणि ॲनिमेशनमधल्या चुका शोधायला लावा. पाण्याचे रेणू इतके विरळ का दाखवलेत? मधल्या निळ्या जागेत काय आहे? कणांच्या मध्ये 'हवा' आहे असं मानणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात, ती या प्रश्नाला सापडतात.

आम्ल-आम्लारीचं प्रकरण तुम्हाला जड जाणार नाही, तुम्ही वनस्पतीवाल्या आहात. आम्ल किंवा आम्लारी लागली की रंग बदलणारी गोकर्णाची फुलं, जास्वंद, हळद, सगळं तुमच्याच राज्यातलं. तिथे फक्त एक युक्ती घ्या: औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं स्वच्छ धुऊन जमवा. प्रत्येक खळगा म्हणजे एक इवलीशी परीक्षानळी. दोन थेंब गोकर्णाचं पाणी, दोन थेंब लिंबू, शेजारच्या खळग्यात सोडा, त्याच्या शेजारी साबण. साठ मुलांना मिळून दोन-तीन वाट्या द्रावणात काम होतं, सांडलं तर फडक्याने पुसलं जातं, आणि कुलूपबंद प्रयोगशाळेची गरजच लागत नाही. विद्युतवाहकता दाखवायची असेल तर लॅमिंग्टन रोडवरून एलईडी, रोधक आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी आणा, पेन्सिलीच्या दोन शिशांचे विद्युत अग्र, म्हणजे पाण्यात बुडवायची टोकं, करा. साखरेच्या पाण्यात दिवा लागत नाही, मिठाच्या पाण्यात लागतो. पुन्हा तीच चौकट: दोन्ही पाण्यांत आत काय फरक आहे?

स्फटिकांचा प्रयोग जुलैत ठेवू नका. ज्या दिवसांत बरणीतल्या मिठालाच पाणी सुटतं, त्या दिवसांत द्रावण सुकत नाही आणि मुलं रोज निराश होऊन बघून जातात. दिवाळीनंतर तुरटीचे स्फटिक करा. तुम्ही भांडुपच्या, मुलांना मिठागरं परकी नाहीत. बाष्पीभवनाने समुद्रातून मीठ कसं निघतं हे त्यांच्यातल्या काहींच्या आजोबांनी हातांनी केलेलं असेल. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, खाडीच्या पाण्यात कमी. शंभर मिलिलिटर आटवून मुलांनाच तोलू द्या.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण यात सूट नाही. काहीही चाखायचं नाही, अगदी लिंबूसुद्धा, कारण सवय एकच लागते. पानाच्या चुन्याची निवळी वापरणार असाल तर ती डोळ्यांना धोकादायक असते. चष्मे असल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका, आणि नळीने फुंकायला सांगण्यापेक्षा सोडा-व्हिनेगरचा वायू तिच्यावर ओता, तीही तशीच दुधाळ होते. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरीन सुटतो, हे वर्गात सांगाच. हा धडा घरच्या मोरीसाठी आहे.

आता पोर्शन. वर्षभरात चाळीस प्रयोग करू नका. सहा करा, पण प्रत्येकाला पुरता तास द्या: पाच मिनिटं अंदाज, दहा मिनिटं हातांचं काम, दहा मिनिटं चित्र, उरलेल्या वेळात दोन-तीन वह्या फळ्याजवळ आणून त्यांच्यावर बोलायचं. चूक असलेली वही आधी घ्या, मुलाची परवानगी घेऊन. समीकरण सर्वांत शेवटी, आणि ते मुलांच्या चित्रावरून वाचत वाचत लिहायचं. बाकीचे धडे खडू-फळ्यानेच शिकवा, निर्धास्तपणे. दोन चौकटी मात्र फळ्यावरच्या तासालाही काढून घेता येतात, त्याला व्हिनेगर लागत नाही.

मुख्याध्यापिकांना शब्दांनी पटवू नका, वह्या दाखवा. एकाच मुलाची जूनमधली चौकट आणि सप्टेंबरमधली चौकट शेजारी ठेवा. त्या समजूतदार आहेत असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, तिच्यात लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिकाची फेरीही आहे. नववीची दोन मुलं जरी तिथवर गेली तरी प्रयोगशाळेच्या किल्लीचा विषय काढायला तुम्हाला जागा मिळेल. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्यही पाहा. विज्ञान शिकताना मुलांच्या मनात काय चालतं, यावर तिथे अनेक वर्षं काम झालेलं आहे, आणि भांडुपहून ते फार लांब नाही.

त्या वडिलांचा राग मला समजतो. क्लासची फी ते पोटाला चिमटा घेऊन भरत असतील, आणि मुलगा मागे पडेल ही भीती खरी आहे. पुढच्या सभेत त्यांच्याशी वाद घालू नका. पाच बाटल्या आणि पाच पुड्या टेबलावर ठेवा आणि सगळ्या पालकांना विचारा, कोणता फुगा मोठा होईल. त्यांनाही हात वर करू द्या. मग त्यांच्याच मुलाला सांगा, बाबांना समजाव.

पुढच्या आठवड्यात याच प्रयोगाने सुरुवात करा, मुलांनी एकदा पाहिलेला आहे म्हणून टाळू नका. तास झाला की आधीच्या-नंतरच्या चौकटींचे फोटो मला पाठवा. त्या अकरा जणांचे नंतर पाठवलेत तरी चालतील, बाकीच्या एकोणपन्नास जणांचे आधी पाठवा.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका